यंत्राला आधी विचारा, मग उघडा

जाड लोखंडी पत्रा कापायचा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे साखर कारखान्याचे वर्कशॉप उभे राहते. भिंतीशी टेकवलेले गॅसचे उंच सिलिंडर, निळी ज्योत आणि काळा चष्मा लावून वाकलेला कारागीर. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांतील कितीतरी आजोबांनी आणि काकांनी अशा वर्कशॉपमध्ये हात काळे करून आपले संसार उभे केले. आता ते सिलिंडर मागे पडत चालले आहेत. त्यांच्या जागी प्रवासी पेटीएवढे एक विजेचे यंत्र येत आहे. त्याला प्लाझ्मा कटर म्हणतात. फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणारे आपले सुदेर बंधू त्याला ओळखतात. इतर वाचकांनी निदान नाव तरी ऐकले असेल.

आम्ही पेशाने शिक्षक. यंत्राशी आमचा संबंध शाळेच्या घंटेपुरता. तरीही या यंत्राविषयी लिहायला बसलो आहोत, त्याला कारण घडले. गतवर्षी जुलैअखेर शाळेच्या सुटीत आम्ही अमेरिकेत ओहायो राज्यात आमच्या भाचीकडे गेलो होतो. तिचे यजमान मूळचे कोल्हापूरचे. क्लीव्हलंड शहराच्या दक्षिणेला त्यांचे लोखंडकामाचे छोटेसे वर्कशॉप आहे. आम्ही पोहोचलो त्याच आठवड्यात त्यांचा प्लाझ्मा कटर रुसला. तो दुरुस्त होईपर्यंत जे काही आम्ही पाहिले, त्यातून आमच्या कारागीर बांधवांना काही उपयोगी सापडेल, आणि आमच्या शिक्षक बांधवांनाही.

ज्योत नव्हे, वीज

आधी हे यंत्र काम कसे करते ते थोडक्यात पाहू. कोणत्याही वायूला अतिशय तापवले की त्याचे अणू फुटून त्यांतील काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तो वायू वीज वाहू लागतो. पदार्थाच्या या अवस्थेला ‘प्लाझ्मा’ हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली दिले. आकाशातील वीज हे तिचे सर्वांनी पाहिलेले उदाहरण.

या अवस्थेचा धातू कापण्याकडे उपयोग अमेरिकेतच झाला. ऑक्सिजनची ज्योत साधे लोखंड उत्तम कापते, कारण तापलेले लोखंड ऑक्सिजनमध्ये चक्क जळते. परंतु ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांच्यापुढे ती हात टेकते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्यावर जमणारा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांनंतरही कडक राहतो. विमानांच्या कारखान्यांना तर नेमके हेच धातू लागत. युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागातील रॉबर्ट गेज यांनी विजेचा आर्क एका बारीक छिद्रातून नेला. छिद्राने आवळलेला आर्क अधिक गरम आणि अधिक वेगवान होतो, आणि मग धातू वितळवून उडवून लावतो, असे त्यांना दिसले. त्यांना १९५७ साली त्याचे पेटंट मिळाले. पुढे १९६८ साली न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोव्हर येथे डिक काउच आणि बॉब डीन यांनी दोन मोटारींच्या गॅरेजमध्ये ‘हायपरथर्म’ ही कंपनी सुरू केली आणि पाण्याच्या फवाऱ्याने आर्क आणखी आवळण्याची युक्ती आणली. आज ती कंपनी तिच्या कामगारांच्याच मालकीची आहे.

आजच्या लहान कटरला महागडा वायू लागत नाही. साधी दाबाखालची हवा पुरते. हातात धरायच्या भागाला टॉर्च म्हणतात. त्याच्या तोंडाशी तांब्याचा इलेक्ट्रोड असतो आणि त्याच्या टोकात हाफ्नियम नावाच्या धातूचा बारीकसा ठिपका बसवलेला असतो. त्यावर छिद्राची तांब्याची टोपी असते, ती म्हणजे नॉझल. खटका दाबला की हवा सुटते, इलेक्ट्रोड व नॉझल यांच्यामध्ये आधी एक लहान आर्क पेटतो आणि तो पत्र्याला भिडला की मोठा आर्क सुरू होतो. त्याची उष्णता वीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा, एवढे सांगितले म्हणजे कल्पना येईल. तांब्याचे नॉझल त्या आगीत टिकते, ते सभोवार फिरणाऱ्या थंड हवेच्या वेढ्यामुळे. हा वेढा बिघडला की सारेच बिघडते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

यंत्र रुसले

आमच्या जावईबापूंनी एका शेतकऱ्याची ऑर्डर घेतली होती. गोठ्याच्या फाटकांसाठी साठ पट्ट्या कापून, भोके पाडून शुक्रवारपर्यंत द्यायच्या होत्या. सोमवारी सकाळी कटर पेटेना. मग पेटला. दहा पट्ट्या झाल्या आणि पुन्हा बंद. दुपारपर्यंत हा लपंडाव चालला आणि मग यंत्र गप्पच बसले.

तसे दुखणे महिनाभरापासून होते. काप तिरका येई. पत्र्याच्या खालच्या कडेला वितळलेल्या लोखंडाचा कीट जाड साचे आणि तो घासून काढण्यात मदतनिसाचा अर्धा वेळ जाई. जे नॉझल आणि इलेक्ट्रोड पूर्वी कित्येक दिवस चालत, ते आता एका दिवसात खलास होत. जावईबापूंनी ते दोनदा बदलले. माल हलका असेल म्हणून दुकानही बदलले. फरक पडला नाही.

शेवटी त्यांनी शहरातील एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. “यंत्र पेटत नाही,” एवढेच सांगितले. तिकडून उत्तर आले, बहुधा आतील मुख्य विद्युत-पट्टी जळाली असेल. नऊशे डॉलर आणि दोन आठवडे. त्या संध्याकाळी जेवताना आम्हीही आमचे शहाणपण पाजळले. “जावईबापू, जुने झाले असेल यंत्र. नवीन घेऊन टाका.”

ते हसले. “मामा, आमचे वडील उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर उभे होते. मोडले म्हणजे मेले नव्हे, असे ते म्हणायचे. नवीन घ्यायला लागले तर घेऊ. पण हे का मेले ते कळल्याशिवाय नवीन घेतले, तर तेही त्याच दुखण्याने जाईल.”

कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर म्हणजे ओतकाम, इंजिनांचे सुटे भाग आणि लेथ यांची वसाहत. त्या मातीतला हा माणूस. त्यांचे म्हणणे तेव्हा आम्हाला हट्टाचे वाटले. ते किती खरे होते हे दोन दिवसांत कळले.

झाकण उघडण्याची घाई

मंगळवारी सकाळी आम्ही त्यांच्याबरोबर वर्कशॉपमध्ये गेलो. तेथे विशीतला एक अमेरिकन मुलगा मदतनीस आहे. कामाला चलाख, बोलायला संकोची. आम्ही आत शिरलो तेव्हा त्याने प्लग काढलेला होता आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो झाकणाचा तिसरा स्क्रू काढत होता. जावईबापू दारातूनच ओरडले, “हात मागे घे!”

मुलगा दचकला. प्लग तर काढलेला आहे, मग भीती कसली, असा त्याचा चेहरा. खरे सांगायचे तर आमचाही प्रश्न तोच होता.

जावईबापूंनी दोघांनाही समजावले. या यंत्रात कपॅसिटर असतात. पाण्याची टाकी जशी नळ बंद केल्यावरही भरलेली राहते, तसे ते प्लग काढल्यावरही विजेने भरलेले राहतात. त्यांतील दाब तीनशे व्होल्टपर्यंत किंवा त्याहून वर असू शकतो. तो सरळ वीजप्रवाह असतो आणि माणूस मरायला तो पुरेसा आहे. म्हणून प्लग काढल्यावर यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायचे, मग मीटर लावून कपॅसिटर रिकामे झाल्याची खात्री करायची आणि मगच आत हात घालायचा. ज्याला हे जमत नाही त्याने झाकण उघडूच नये.

अमेरिकेत यासाठी कारखान्यांना कायद्याचे बंधन आहे. यंत्र दुरुस्तीला घेतले की त्याची वीज तोडून त्या जागी दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःचे कुलूप घालायचे, आपल्या नावाची चिठ्ठी अडकवायची आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. १९८९ साली तेथील कामगार सुरक्षा खात्याने हा नियम केला. दुरुस्ती करणारा आत वाकलेला असताना दुसऱ्या कोणी सहज बटण दाबले, अशा अपघातांत पुष्कळ जीव गेले होते. आपल्या लहान दुकानांत कुलूप नसेल, तर प्लग काढून तो आपल्या नजरेसमोर, पायाशी ठेवावा. एवढे तर फुकट होते.

दोन रकाने

झाकणाचे स्क्रू परत बसवले गेले. आता करायचे काय? आम्हाला राहवले नाही. आमच्याकडे एकच हत्यार होते, कागद आणि पेन्सिल. आम्ही कागदावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिले ‘यंत्र काय करते’, उजवीकडे ‘काय करत नाही’. वर्गात एखाद्या मुलाचे गणित चुकले की आम्ही हेच करतो. कोणत्या पायरीपर्यंत बरोबर होते, हे कळल्यावाचून चूक सापडत नाही.

जावईबापूंना हे पटले. दिवा लागतो का? लागतो. पंखा फिरतो का? फिरतो. दोषाचा लाल दिवा लागतो का? नाही. वीज पुरेशी येते का? त्यांनी मीटर लावला. पुरेशी येत होती. हे सारे डाव्या रकान्यात गेले. उजव्या रकान्यात एकच वाक्य होते, ‘आर्क पेटत नाही.’

मग आम्ही अडाण्याचा प्रश्न विचारला. “पेटत नाही तेव्हा हवा तरी येते का?”

जावईबापू थबकले. त्यांनी ते पाहिलेच नव्हते. कॉम्प्रेसरच्या आवाजात कोणाला कळणार! पण मुलगा हळूच म्हणाला, “नाही. जेव्हा पेटत नाही, तेव्हा हवाही येत नाही. आणि टॉर्चची नळी सरळ धरली की बहुतेक वेळा पेटतो.”

महिनाभर त्या मुलाच्या हातात तो टॉर्च होता. कोणी त्याला विचारले नव्हते, म्हणून त्याने सांगितले नव्हते.

एका वाक्याने सारे चित्र बदलले. मुख्य पट्टी जळाली असती तर खटका दाबल्यावर हवा तरी सुटली असती आणि मग आर्क आला नसता. येथे हवाही सुटत नव्हती. म्हणजे खटका दाबल्याची बातमीच यंत्रापर्यंत पोहोचत नव्हती. पत्र टपालातच हरवले होते आणि आम्ही वाचणाऱ्याला दोष देत होतो. दुरुस्तीवाल्याला तरी बोल कसा लावणार? त्याला आपण सांगितले तेवढेच त्याने ऐकले.

तुटलेली तार

यंत्राचे कुलूप-चिठ्ठी झाल्यावर टॉर्चची जोडणी यंत्रापासून सोडवली. आतून खटक्याच्या दोन बारीक तारा जातात. त्यांच्या टोकांना मीटर लावून खटका दाबला की मीटर ‘टूं’ असा वाजतो. याचा अर्थ रस्ता जुळला. मुलाने खटका दाबून धरला, मीटर वाजू लागला. जावईबापूंनी यंत्राकडच्या टोकापासून नळी वीतभर वीतभर वाकवत नेली. मुठीपासून चार बोटे अंतरावर आले आणि आवाज तुटला. नळी सरळ केली, पुन्हा वाजला. वाकवली, गप्प.

रोज हजार वेळा त्याच जागी वाकून आतील तार तुटली होती. वरचे रबर शाबूत होते, म्हणून बाहेरून काही दिसत नव्हते. टोके एकमेकांना टेकली की यंत्र चाले, सुटली की बंद. त्यांनी मुठीजवळचा वीतभर भाग कापून टाकला, तारांची टोके नव्याने आवळून बसवली, हवेची जोडणी घट्ट केली आणि टॉर्च पुन्हा जोडला. नळी वीतभर आखूड झाली, एवढेच नुकसान. असे करण्यास प्रत्येक टॉर्च सोयीचा नसतो. पुष्कळ ठिकाणी पूर्ण नळीच बदलणे सुरक्षित, हेही त्यांनी सांगितले.

त्याच तारांच्या शेजारी आणखी दोन तारा असतात. टॉर्चची टोपी नीट बसली आहे की नाही, याची बातमी त्या देतात. टोपी सैल असेल तर यंत्र मुद्दाम पेटत नाही. काही हुशार लोक त्या तारा एकमेकींना पिळून जोडून टाकतात आणि यंत्र ‘दुरुस्त’ करतात. मग टोपी काढलेली असतानाही टॉर्चच्या तोंडाशी तीनशे व्होल्ट येऊ शकतात. नॉझल बदलायला गेलेल्या बोटांचे काय होईल, ते वाचकांनीच समजावे. पहारेकऱ्याला मारून घर सुरक्षित होत नसते.

हवेतले पाणी

आर्क पेटला. मुलाने आनंदाने पट्टी कापायला घेतली. पण काप पुन्हा तिरका आला. खटक्याची तार जुळली म्हणून महिन्याभराचे जुने दुखणे कुठे जाणार? एका यंत्राला एका वेळी दोन आजार होते आणि आम्ही सगळे मिळून एकच औषध शोधत होतो.

जावईबापूंनी वापरलेला इलेक्ट्रोड आमच्या तळहातावर ठेवला. टोकातील हाफ्नियमच्या ठिपक्याच्या जागी खोल खड्डा पडला होता. हा खड्डा साधारण दीड मिलिमीटरपेक्षा खोल झाला की इलेक्ट्रोड बदलायचा असतो. नॉझलचे छिद्र गोल राहिले नव्हते, एका बाजूला ओढले गेले होते. तिरक्या छिद्रातून काप सरळ कसा येणार? पण छिद्र तिरके का झाले, हा खरा प्रश्न होता.

यंत्रावर नुसती हवा सोडून पाहण्याची सोय असते. त्यात आर्क पेटत नाही. त्यांनी ती लावली आणि टॉर्चच्या तोंडासमोर एक कोरा कागद धरला. थोड्याच वेळात कागदावर बारीक ओले ठिपके उमटले. हवेत पाणी होते. हवा बंद असताना दाबाचा काटा शंभर पौंडांवर होता. हवा सोडली की तो पंचावन्नपर्यंत कोसळत होता. यंत्राला सुमारे सत्तर पौंड हवे होते. आमच्यासारख्याने बंद नळाचा काटा पाहून सारे ठीक आहे असे म्हटले असते. काटा पाहायचा तो हवा वाहत असताना.

हवेच्या गाळणीची वाटी गढूळ पाण्याने अर्धी भरली होती आणि आतला गाळणीचा भाग चिखलाने बुजला होता. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडला तर तपकिरी पाण्याची धार लागली.

ओहायोतील उन्हाळा आपल्या व्हाक्वा-क्यूरपीपसारखाच दमट असतो. कॉम्प्रेसर आठ लोटे हवा एका लोट्यात कोंबतो. त्या आठ लोट्यांतील वाफही एका लोट्यात येते, थंड झाल्यावर तिचे पाणी होते आणि टाकीच्या तळाशी साचते. ते रोज काढले नाही, तर नळीतून पुढे टॉर्चमध्ये जाते. तेथे ते पाणी हाफ्नियमला झपाट्याने खाते आणि थंड हवेचा वेढा विस्कटून टाकते. मग आर्क नॉझलच्या कडेला चाटतो आणि छिद्र तिरके होते. जावईबापूंनी बदललेले नवे नॉझल वाईट नव्हते. ते पाण्यात बुडवले जात होते.

“पण हा नळ पूर्वी रोज उघडला जात होता,” जावईबापू स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. उघडणारा म्हातारा कारागीर वसंत ऋतूत निवृत्त झाला होता. तो रोज संध्याकाळी हात धुण्याआधी नळ उघडून जाई. त्याने ते कोणाला सांगितले नाही, कारण त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नव्हते. मालकाने विचारले नाही, कारण यंत्र चालत होते. आणि नव्या मुलाला तो नळ कशासाठी आहे, हेच माहीत नव्हते.

आम्ही तेथे उभे राहून ऐकत होतो आणि आमच्या शाळेतील निवृत्त झालेले गुरुजी आम्हाला एकामागून एक आठवत होते.

गाळणी नवी घातली, तिच्या पुढे पाणी अडवणारी आणखी एक वाटी बसवली, नवे नॉझल व इलेक्ट्रोड लावले. खर्च शंभर डॉलरच्या आत राहिला. गुरुवारी रात्री साठावी पट्टी कापून झाली. मुलाने शेवटची पट्टी आम्हाला दाखवायला आणली. कड अशी होती की कीट घासावाच लागला नाही.

आपल्या कारागिरांसाठी

आम्ही जावईबापूंना विचारून तपासणीचा क्रम लिहून घेतला. तो असा. सर्वांत आधी वीज: भिंतीवरच्या जोडणीत पुरेसा दाब आहे का. मग हवा: वाहत असताना दाब किती आणि कागद कोरडा राहतो का. मग टॉर्चचे तोंड: इलेक्ट्रोडचा खड्डा, नॉझलचे छिद्र आणि आतील हवा फिरवणाऱ्या कड्याला तडा. मग कामाचा चिमटा: लहान आर्क पेटतो पण पत्र्याला भिडत नाही आणि लगेच विझतो, असे झाले तर चिमट्याखालचा रंग आणि गंज घासून स्वच्छ धातूवर चिमटा लावावा. मग खटका व नळीच्या तारा. हे सारे निर्दोष निघाले, तरच पेटीच्या आतील भाग. आणि तेथे माहीतगारानेच हात घालावा. स्वस्त आणि बाहेरचे आधी, महाग आणि आतले शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

आणखी एक सूचना. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी असे यंत्र मागवणाऱ्यांनी त्याच्या पाठीवरची पाटी आधी वाचावी. तेथील वीज १२० आणि २४० व्होल्टची, ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची. काही यंत्रे दोन्ही ठिकाणी चालतात, सर्व चालत नाहीत. आणि नॉझल कुठे मिळतील याची चौकशी यंत्र घेण्याआधी करावी, नंतर नव्हे.

दुरुस्तीचा हक्क

टाकून द्या आणि नवे घ्या, हा अमेरिकेचा स्वभाव असे आपण नेहमी ऐकतो. पण त्याच देशात आता उलटे वारेही वाहू लागले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली मोटारींच्या दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही मिळावी, असा कौल दिला. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीच्या यंत्रांसाठी तसाच कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. शेतकऱ्याला आपला ट्रॅक्टर स्वतः किंवा गावातल्या मिस्त्रीकडून दुरुस्त करता यावा, म्हणून उत्पादकाने भाग, हत्यारे आणि माहिती द्यावी, असे तो सांगतो. लढ्याला तेथे नाव मिळाले आहे, ‘दुरुस्तीचा हक्क.’

हा हक्क आपल्यासारख्या बेटाला तर जास्तच हवा. आपल्याकडे प्रत्येक भाग समुद्र ओलांडून येतो. तो येईपर्यंत कारागिराची चूल थांबत नाही. परंतु कायद्याने माहिती मिळाली, तरी ती एका हातातून दुसऱ्या हातात कोण देणार? त्या ओहायोच्या वर्कशॉपमध्ये माहिती कोणी लपवली नव्हती. ती एका म्हाताऱ्याच्या सवयीत होती आणि एका मुलाच्या हातात होती. मालक मात्र फोनवर नऊशे डॉलरचे उत्तर ऐकत होता.

आम्ही निघालो त्या सकाळी कॉम्प्रेसरच्या वर भिंतीला एक पुठ्ठा चिकटवलेला दिसला. ‘संध्याकाळी खालचा नळ उघडा. का? कारण हवेत पाणी असते.’ अक्षर त्या मुलाचे होते. ‘का?’ हा शब्द त्याने आपणहून लिहिला होता, असे जावईबापूंनी सांगितले. आम्हा शिक्षकाला तो पुठ्ठा फार आवडला.

मॉरिशसला परतल्यावर तिसरे सत्र सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याचे भागाकाराचे उत्तर चुकले. लाल पेन उचलता उचलता आम्ही थांबलो आणि त्याला विचारले, “बाळ, कुठपर्यंत बरोबर वाटत होते?” त्याने बोट ठेवले. चूक बरोबर त्याच्या पुढच्या ओळीत होती. त्याला ती ठाऊक होती. आजवर त्याला कोणी विचारले नव्हते.